नोंदीत राहून गेलेले पदक

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत दिलेले भाषण)



 विषय कोणता घ्यावा हे आपण माझ्यावरच सोपविले. बालसंगोपन, आरोग्य, घरखर्चातील काटकसर या विषयांवर माझ्यापेक्षा अधिकारी भगिनी येथे बोलून गेल्या आहेत. म्हणून मी जरा निराळा विषय घेतला आहे. सैन्यात नोकरी केलेल्या माणसाच्या सरकारी कागदांत त्याच्या सेवेचे पदक नोंदवायचे राहून गेले, तर ती चूक पुढे दुरुस्त होते का, आणि होत असेल तर कशी, हा तो विषय.

तुम्ही म्हणाल, हा तर माजी सैनिकांच्या मेळाव्यातला विषय. महिला मंडळात तो कशाला? याला माझे उत्तर सोपे आहे. ज्या सैनिकांची हकीगत मी आज सांगणार आहे, त्या सगळ्या बायका होत्या. आणि दुसरे असे की, पुरुष सैनिकांचे कागदसुद्धा शेवटी घरातल्या बायकांच्याच हवाली असतात.

आपल्या सभेचा पहिला विषय नेहमी ठरलेला असतो : मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. चिटणीसबाई वाचू लागल्या की आपल्यापैकी कितीजणींचे लक्ष असते, हे मी विचारीत नाही! पण कधी तरी एखादी भगिनी उठून म्हणते, “फराळाच्या विक्रीत माझ्या जाऊबाईंनीही चार दिवस राबून काम केले. त्यांचे नाव राहिले आहे.” चिटणीसबाई ते लिहून घेतात, अध्यक्षीणबाई सही करतात आणि दुरुस्ती होऊन जाते. दोन मिनिटांचे काम. हेच काम अमेरिकेच्या सैन्याच्या दप्तरात करून घ्यावयास काही बायकांना साठ वर्षे लागली.

पहिले महायुद्ध १९१४ साली पेटले आणि १९१७ च्या एप्रिलमध्ये अमेरिका त्यात उतरली. जनरल पर्शिंग हे अमेरिकेचे सेनापती सैन्य घेऊन फ्रान्समध्ये गेले. तेथे त्यांच्यापुढे मोठी अडचण उभी राहिली ती टेलिफोनची. आघाडीवरच्या तुकडीला तोफांचा मारा कोठे करायचा, माघार केव्हा घ्यायची, दारूगोळा कोठे पाठवायचा, हे सारे टेलिफोनवरून कळवावे लागे. त्या काळी नंबर फिरवला की आपोआप फोन लागावा अशी सोय नव्हती. मध्ये एक स्विचबोर्ड असे आणि त्यापुढे बसलेल्या माणसाला दोऱ्या हाताने जोडून द्याव्या लागत. या कामावर शिपाई बसवले होते. त्यांना ना ते काम आवडे, ना त्याची सवय होती. शिवाय पलीकडून फ्रेंच ऑपरेटर बोलू लागली की यांना काही समजत नसे.

अमेरिकेत मात्र हे काम मुख्यतः मुलीच करीत. त्या त्यात तरबेज होत्या. शिपायाला एक जोडणी करावयास सुमारे मिनिट लागे, तर सराईत मुलगी ती दहा सेकंदांत करी. युद्धात पन्नास सेकंदांनी काय होते, हे मी सांगायला नको. पर्शिंगनी मायदेशी निरोप धाडला की, फ्रेंच आणि इंग्रजी या दोन्ही भाषा येणाऱ्या टेलिफोन ऑपरेटर स्त्रिया पाठवा. पहिल्या शंभर जागांसाठी सात हजारांवर अर्ज आले! त्यांतून निवडून, शिकवून, पुढे एकंदर २२३ स्त्रिया सैन्याच्या सिग्नल कोअरमधून समुद्रापार गेल्या.

त्या कशा गेल्या, हे नीट लक्षात घ्या, कारण पुढचा सारा वाद त्यावरच आहे. त्यांनी हात वर करून सैन्याची शपथ घेतली. त्यांच्या अंगावर निळा लोकरी गणवेश होता. तो मात्र त्यांना स्वतःच्या पैशाने शिवून घ्यावा लागला. दंडावर टेलिफोनच्या चित्राची पट्टी होती. शिपायाच्या गळ्यात ओळखीचा बिल्ला असतो तसा त्यांच्याही गळ्यात होता. शिस्त सैन्याची, हुकूम सैन्याचे, आणि हुकूम मोडला तर लष्करी न्यायालयाची भीतीही सैन्याचीच. आपण सैनिक आहोत याविषयी त्यांच्या मनात शंका येण्याचे काही कारणच नव्हते.

पहिली तुकडी १९१८ च्या मार्चमध्ये निघाली. तिची प्रमुख होती ग्रेस बँकर नावाची पंचविशीतली पदवीधर मुलगी. वाटेत जर्मन पाणबुड्यांचे भय होते. त्यातून पार पडून या मुली फ्रान्समध्ये पोहोचल्या आणि कामाला लागल्या. सप्टेंबरमध्ये सॅं-मियेलच्या लढाईच्या वेळी त्यांच्यापैकी निवडक मुलींना आघाडीजवळ नेण्यात आले. तेथे तोफांचे आवाज कानांवर येत. पुढे म्यूझ-आर्गोनच्या मोठ्या लढाईत सूयी या गावी त्या लाकडी बराकींत राहून काम करीत होत्या. ३० ऑक्टोबर १९१८ रोजी त्या बराकींना आग लागली. आग जवळ येत चालली तरी मुली बोर्ड सोडून उठेनात. अखेर बाहेर पडा असा हुकूमच द्यावा लागला, तेव्हा त्या उठल्या. आणि तासाभरातच परत येऊन, ज्या तारा शाबूत होत्या त्यांवर पुन्हा काम करू लागल्या.

युद्ध संपेपर्यंत या स्त्रियांनी दोन कोटी साठ लाख फोन जोडून दिले, असे सांगतात. दोघीजणी तिकडेच आजारपणात वारल्या. त्यांतल्या एकीचा मृत्यू ११ नोव्हेंबर १९१८ ला, म्हणजे ज्या दिवशी तोफा थांबल्या त्याच दिवशी झाला.

ग्रेस बँकरला ‘डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल’ हे मोठ्या मानाचे पदक मिळाले. मग तक्रार कसली, असे आपल्याला वाटेल. तक्रार पुढे आहे.

या मुली घरी परतल्या. लढाईवर गेलेल्या प्रत्येक शिपायाला परतल्यावर दोन गोष्टी मिळत होत्या. एक म्हणजे सन्मानाने सेवामुक्त केल्याचा दाखला, आणि दुसरी म्हणजे युद्धात भाग घेतल्याबद्दल ‘व्हिक्टरी मेडल’, विजय पदक. यांनीही आपापले दाखले मागितले. तेव्हा सरकारकडून उत्तर आले की, तुम्ही सैन्यात कधी नव्हताच! तुम्ही कराराने ठेवलेल्या मुलकी नोकर होता. नोकरांना सेवामुक्तीचा दाखला नसतो आणि पदकही नसते. अशा कोणत्याही करारावर आपण कधी सही केली नाही, असे त्या बायका कळकळीने सांगत होत्या. पण दप्तरात तसे लिहिलेले होते आणि दप्तर म्हणेल ते खरे.

हे झाले कसे? सगळे एका शब्दावरून. सैन्याच्या नियमांत भरती करावयाच्या माणसासाठी शब्द होता तो ‘पुरुष’. त्याच अमेरिकेत आरमाराच्या १९१६ च्या कायद्यात शब्द होता ‘व्यक्ती’. आरमाराच्या मंत्र्यांनी तो शब्द वाचला आणि म्हटले, बाई ही व्यक्ती नव्हे असे कोठे लिहिले आहे? त्यांनी सुमारे अकरा हजार स्त्रियांना कारकुनी आणि इतर कामांवर रीतसर भरती केले. युद्धानंतर त्या सगळ्यांना दाखले मिळाले, पदके मिळाली, माजी सैनिकांचे हक्क मिळाले. त्यांतल्या बहुतेकींनी मायदेशाच्या कचेऱ्यांत बसून काम केले होते. आणि ज्या मुली तोफांच्या आवाजात फोन जोडीत होत्या त्या मात्र ‘नोकर’ ठरल्या. मी कारकुनी कामाला कमी लेखीत नाही. पण एकाच देशात, एकाच युद्धात, एका शब्दाने केवढा फरक पडला, तो पाहा.

या २२३ जणींत मर्ल ईगन नावाची एक होती. ती मोंटाना प्रांतातली. फ्रान्समध्ये तिने स्विचबोर्डचे काम तर केलेच, पण शिपायांनाही ते शिकवले; आणि युद्ध संपल्यावर पॅरिसला तहाची बोलणी चालली होती, त्या वेळीही ती तेथल्या टेलिफोनवर होती. परत आल्यावर तिने लग्न केले, संसार केला आणि मर्ल अँडरसन या नावाने ती पत्रे लिहू लागली. सैन्याच्या कचेरीला लिही, संसदेच्या सभासदाला लिही, जुन्या मैत्रिणींचे पत्ते शोधून काढ, त्यांना लिही, असा तिचा क्रम वर्षानुवर्षे चालला. अमेरिकेच्या संसदेत या बायकांसाठी वीसहून अधिक विधेयके आली आणि पडली. दरम्यान दुसरे महायुद्ध झाले, कोरियाचे झाले, व्हिएतनामचे झाले. ग्रेस बँकर १९६० साली वारली. तिच्या घरी ते मानाचे पदक होते, पण ती सैन्यात होती असे सांगणारा दाखला नव्हता.

आता दुसरी हकीगत ऐका, म्हणजे पहिलीचा शेवट समजेल.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने स्त्री वैमानिकांचे एक दल उभारले. त्याचे नाव होते ‘वास्प’. पंचवीस हजार बायकांनी अर्ज केले. शिक्षण पुरे करून दलात दाखल झाल्या त्या १,०७४. त्यांनी कारखान्यातून नवी विमाने तळावर पोहोचवली, दुरुस्त झालेली विमाने उडवून पाहिली. आणि तोफांचा सराव करणाऱ्यांना नेम धरता यावा म्हणून विमानामागे कापडी निशाण ओढीत नेण्याचे धोक्याचे कामही केले. अडतीस जणी या कामात मृत्यू पावल्या. पण त्याही कागदोपत्री मुलकी नोकर होत्या. त्यामुळे एखादी मुलगी अपघातात गेली, तर तिचा देह घरी नेण्याचा खर्च सरकार देत नसे, आणि शवपेटीवर राष्ट्रध्वज घालण्याचा हक्कही तिला नव्हता. बरोबरच्या मुली आपापसांत वर्गणी काढीत. डिसेंबर १९४४ मध्ये दल मोडले आणि त्याचे दप्तर गुप्त म्हणून बंद करून ठेवण्यात आले.

पुढे १९७०-८० च्या दशकात हवाई दलाने जाहीर केले की, आता आम्ही स्त्रियांना वैमानिक करणार आहोत आणि लष्करी विमाने चालवणाऱ्या या पहिल्याच स्त्रिया होत. ते वाचून जुन्या वैमानिक बायकांना काय वाटले असेल! त्यांनी कंबर कसली आणि सारे प्रकरण संसदेपुढे नेले.

विरोधही जबर होता. माजी सैनिकांच्या संघटनाच विरोधात उभ्या राहिल्या. त्यांचे म्हणणे असे की, यांना माजी सैनिक म्हटले तर त्या शब्दाची किंमत उतरेल. अशा वेळी एका वैमानिक बाईंच्या संग्रहातून एक कागद निघाला. दल मोडताना त्यांच्या तळावरच्या अधिकाऱ्याने त्यांना निरोपाचा दाखला दिला होता. त्यावर शब्द होते ते असे की, हिने अमेरिकेच्या सैन्यात प्रत्यक्ष सेवेत सन्मानाने काम केले. पुरुष शिपायाच्या दाखल्यावर जे शब्द असत, तेच शब्द! हा कागद समितीपुढे ठेवला गेला तेव्हा विरोध करणाऱ्यांचा आवाज मऊ झाला. तेहतीस वर्षे कोणा एका बाईने तो नीट जपून ठेवला म्हणून हजार जणींचे काम झाले.

२३ नोव्हेंबर १९७७ रोजी राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी कायद्यावर सही केली. कायदा होता वैमानिक स्त्रियांसाठी. पण त्यात ‘आणि अशाच परिस्थितीतील इतर गट’ असे शब्द घातलेले होते. सिॲटलच्या एका वकिलांनी मर्ल अँडरसनबाईंचे काम आधीपासून हाती घेतले होते. त्यांनी शपथेचे पुरावे, हुकुमाचे कागद, बायकांनी जपलेली पत्रे गोळा करून टेलिफोनवाल्या भगिनींचे प्रकरण त्या शब्दांखाली मांडले, आणि १९७९ साली ते मान्य झाले. मर्लबाईंना सेवामुक्तीचा दाखला आणि विजय पदक मिळाले, तेव्हा त्या नव्वदीच्या घरात होत्या. त्यांच्या बहुतेक मैत्रिणी तोवर जग सोडून गेल्या होत्या.

वैमानिक स्त्रियांनाही १९७९ मध्ये दाखले आणि १९८४ मध्ये पदके मिळाली. तरी कागदाची गंमत पाहा. एलेन हार्मन या वैमानिक बाई २०१५ साली वारल्या. अर्लिंग्टन येथील सैनिकांच्या राष्ट्रीय दफनभूमीत आपल्या अस्थी ठेवाव्यात अशी त्यांची इच्छा होती. तेव्हा सैन्याने सांगितले की, माजी सैनिक म्हणून यांना इतर हक्क आहेत, पण हा एक नाही. त्यांच्या मुलीने आणि नातींनी आजीच्या अस्थी घरातल्या कपाटात ठेवल्या आणि अर्ज, सह्या, गाठीभेटी सुरू केल्या. २०१६ च्या मे महिन्यात त्यासाठी निराळा कायदा झाला आणि सप्टेंबरमध्ये आजी अर्लिंग्टनला पोहोचल्या. नातींचा हा हट्ट मला फार आवडला.

टेलिफोनवाल्या भगिनींसाठी अमेरिकेच्या संसदेने २०२४ च्या डिसेंबरमध्ये संसदेचे सुवर्णपदकही मंजूर केले. ते पाहावयास त्यांच्यापैकी एकही नव्हती.

आता कोणी विचारील की, इतक्या वर्षांनी मिळालेल्या पदकाचा उपयोग काय? धातूचा तुकडा आणि रंगीत फीत, बाजारात त्याचे मोल ते किती? मीही याचा विचार केला. मला असे वाटते की, पदक हे बक्षीस आहे असे समजले की हा प्रश्न पडतो. शौर्याचे पदक ही गोष्ट निराळी. त्यासाठी वरिष्ठांची शिफारस लागते आणि ते द्यावे की न द्यावे हे ठरवणारे कोणी असतात. सेवेचे पदक तसे नाही. अमक्या युद्धात, अमक्या भागात, इतके दिवस जो हजर होता त्याचा त्यावर हक्क असतो. ते न मिळणे याचा अर्थ, तू तेथे नव्हतास, असे सरकारने म्हणणे. मर्लबाईंना पैसे नको होते. आपण तेथे होतो, एवढे त्यांना लिहून हवे होते. शिवाय अशा नोंदीवरच दवाखान्याची सोय, निवृत्तिवेतन, विधवेचे हक्क अशा पुढच्या अनेक गोष्टी अवलंबून असतात, हेही विसरता येणार नाही.

अमेरिकेत अशा चुका दुरुस्त करण्याची एक कायमची व्यवस्था आहे. १९४६ पूर्वी एखाद्या सैनिकाची नोंद चुकली, तर त्याच्यासाठी संसदेत स्वतंत्र विधेयक आणावे लागे. त्या वर्षी कायदा झाला आणि पुढे प्रत्येक दलात नोंदी दुरुस्त करणारी मंडळे स्थापन झाली. त्यांवर लष्करी अधिकारी नसतात, मुलकी माणसे असतात. सैनिकाने, आणि तो हयात नसेल तर त्याच्या वारसाने, ठरावीक नमुन्यावर अर्ज करायचा. चूक लक्षात आल्यापासून तीन वर्षांत अर्ज यावा असा नियम आहे. पण न्यायासाठी आवश्यक वाटले तर मंडळ ही मुदत बाजूला ठेवू शकते. पुरावा देण्याची जबाबदारी अर्जदाराची. आणि एक गोष्ट मला विशेष वाटली. दुरुस्ती मान्य झाली म्हणजे जुन्या दाखल्यावर खाडाखोड करीत नाहीत. त्याला जोडून दुसरा कागद देतात आणि त्यावर ‘अमुक पदक वाढवावे’ असे लिहितात. आपण इतिवृत्तात करतो तसेच.

पण दप्तरच नाहीसे झाले तर? तसेही घडले आहे. १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुई शहरातील सैनिकांच्या दप्तरखान्याला आग लागली आणि एक कोटी साठ लाख ते एक कोटी ऐंशी लाख फायली जळाल्या. १९१२ ते १९६० या काळात सैन्यातून सुटलेल्यांपैकी सुमारे ऐंशी टक्के लोकांचे कागद त्यात गेले. मग त्यांच्या नोंदी कशावरून उभ्या केल्या? पगाराच्या पावत्यांवरून, तुकडीच्या रोजच्या हजेरीच्या कागदांवरून, इस्पितळाच्या नोंदींवरून. आणि पुष्कळदा घरी ठेवलेल्या दाखल्यावरून. सरकारच्या दप्तरखान्यात जळाले ते एखाद्या बाईच्या ट्रंकेत शाबूत होते.

येथे मी आपल्या घरांकडे वळते. सातारा, कोल्हापूर, सांगली, रत्नागिरी या बाजूंना सैन्यात माणूस नाही असे घर शोधावे लागते अशी कित्येक गावे आहेत. आणि आपल्यापैकी बऱ्याच जणींच्या माहेरी वा सासरी कोणी ना कोणी सैन्यातून निवृत्त झालेले आहेत. आपल्याकडेही सैनिकाच्या नोकरीत जे जे घडते, म्हणजे बदली, बढती, लग्न, मुलाचा जन्म, ते त्याची तुकडी ‘पार्ट टू ऑर्डर’ काढून रेकॉर्ड ऑफिसला कळवते आणि तेथे त्याच्या नावावर नोंद होते. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे रेकॉर्ड ऑफिस बेळगावला, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशात सागरला, बॉम्बे सॅपर्सचे खडकीला, तोफखान्याचे नाशिक रोडला. निवृत्त होताना हातात जे डिस्चार्ज बुक मिळते, ते या नोंदींवरूनच तयार होते. धावपळीच्या काळात, युद्धाच्या दिवसांत, जखमी होऊन एका तुकडीतून दुसरीकडे गेल्यावर, एखादी नोंद पाठवायची राहून जाते. मग १९६५ चे युद्ध पाहिलेल्या माणसाच्या पुस्तकात ‘समर सेवा स्टार’ नसतो, किंवा १९७१ साली पूर्वेकडे गेलेल्याच्या पुस्तकात ‘पूर्वी स्टार’ नसतो. घरातले वडील माणूस म्हणते, जाऊ द्या, आता कोण बघतो. आणि खरोखरच ते जाते.

तेव्हा मैत्रिणींनो, घरी गेल्यावर करता येतील अशा काही गोष्टी सुचवते.

पहिली, डिस्चार्ज बुक काढून पाहा. ट्रंकेत, देव्हाऱ्यामागे, कपड्यांच्या घडीखाली, कोठे असेल तेथून काढा. पदकांच्या रकान्यात काय लिहिले आहे ते वाचा आणि ज्यांचे ते आहे त्यांना शेजारी बसवून विचारा, बाबा, तुम्ही कोठे कोठे होता? नाव, जन्मतारीख, बायकोचे नाव, मुलांची नावे बरोबर आहेत का, हेही त्याच वेळी पाहून घ्या. लग्नानंतर बदललेले नाव एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरे असले, म्हणजे पुढे निवृत्तिवेतनाच्या वेळी त्या बाईला किती हेलपाटे पडतात, हे आपल्यापैकी काही जणींनी पाहिले आहे.

दुसरी, ते सांगतील ते वहीत लिहून ठेवा. रेजिमेंटचा नंबर, तुकडीचे नाव, ठिकाण, महिना, साल, वरच्या अधिकाऱ्याचे नाव, बरोबरच्या दोघा-तिघांची नावे आणि गावे. म्हातारपणी सनावळी विसरते, पण बरोबरचा माणूस कोणत्या गावचा हे बहुधा विसरत नाही. आणि तो माणूस हयात असेल तर त्याचे म्हणणेही उपयोगी पडते. जुनी पत्रे, इस्पितळाची चिठ्ठी, मागे तारीख लिहिलेला फोटो, यांतले काहीही टाकू नका.

तिसरी, पदक हरवणे आणि पदक नोंदलेलेच नसणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे अर्जात स्पष्ट लिहा. हरवले असेल तर नोंद दप्तरात असतेच. नोंदच नसेल तर आधी ती करून घ्यावी लागते, पदकाचा प्रश्न त्यानंतर.

चौथी, अर्ज रेकॉर्ड ऑफिसला करायचा, आणि तो कसा लिहावा हे आपल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारायचे. माजी सैनिकांच्या आणि त्यांच्या विधवांच्या मदतीसाठीच ते कार्यालय आहे. तेथे जाण्यात संकोच नको. मूळ कागद हातचा सोडू नका, साक्षांकित नकला द्या. अर्जाची एक प्रत आणि पोचपावती जवळ ठेवा. एका अर्जात एकच मागणी, थोडक्यात आणि तारखांसह लिहा. रागाने लिहिलेले चार कागद करीत नाहीत ते काम तारखेने लिहिलेला एक कागद करतो.

आणि शेवटची सूचना मंडळासाठी आहे. आपल्यापैकी ज्यांना लिहिण्यावाचण्याचा सराव आहे अशा दोन-तीन भगिनींनी महिन्यातून एक दुपार या कामाला द्यावी. ज्या वृद्ध बाईंना अर्ज लिहिता येत नाही, इंग्रजी पत्र आले तर वाचता येत नाही, त्यांनी आपली पेटी घेऊन मंडळाच्या खोलीवर यावे. याला पैसा लागत नाही, वेळ आणि चिकाटी लागते. हळदीकुंकवाच्या निमित्ताने आपण घरोघर जातोच. तेव्हा एवढे विचारून यावे.

मर्लबाईंनी साठ वर्षे वाट पाहिली आणि त्यांना कागद मिळाला. ग्रेस बँकरला तो मिळाला नाही. दोघींच्या सेवेत काही कमीजास्त नव्हते. एक तेवढे दिवस जगली आणि दुसरी जगली नाही, एवढाच काय तो फरक. आपल्या घरातले जे वडील आज ऐंशी-पंच्याऐंशीच्या घरात आहेत, त्यांच्यासाठी साठ वर्षे कोणाजवळ नाहीत. म्हणून मला एवढेच सांगायचे आहे की, या कामाला पुढच्या वर्धापनदिनाची वाट पाहू नका. या आठवड्यातच ती ट्रंक उघडा.